ज्याला किनारा सोडून जाता येत नाही त्याचं ऐका

समुद्रातला मासा संपत चाललाय असा विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एकजण म्हणतो मासेमारी बंदच करा, समुद्राला जरा उसंत द्या, दुसरा म्हणतो मग या लोकांनी खायचं काय, आणि मग तासभर दोघं एकमेकांना निसर्गाचा वैरी नाहीतर गरिबांचा वैरी ठरवत बसतात. मला या भांडणाचाच कंटाळा आलाय. मासा गेला की किनाऱ्यावरची माणसंही उठतात, आणि जिथे मासा टिकलाय तिथे बऱ्याचदा असं दिसतं की किनाऱ्यावरच्या कोणाच्या तरी हातात "आज नाही, इथे नाही, या जाळ्याने नाही" असं म्हणायचा अधिकार होता. त्यामुळे मासा वाचवायचा की माणूस हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात कोणी, कधी आणि काय घेऊन उतरायचं हे ठरवणार कोण, याच्यावर बोला. माझं म्हणणं एवढंच की ज्याला मासा संपल्यावर बोट वळवून दुसऱ्या समुद्रात जाता येत नाही, त्याने ठरवावं.

आता हे "छोटे मासेमार" म्हणजे किती लोक ते आधी बघू, कारण छोटी मासेमारी म्हटलं की एक होडी, एक म्हातारा आणि मागे मावळता सूर्य असला फोटो डोळ्यासमोर येतो आणि आपण समजतो की हा धंदा म्हणजे आता नावापुरता उरलाय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, म्हणजे एफएओने, २०२३ मध्ये एक जाडजूड अहवाल काढला त्यात नद्या-तलाव धरून हिशेब दिलाय की जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीतली साधारण ४० टक्के मासळी छोट्या मासेमारांची असते आणि मासेमारीतल्या एकूण रोजगारातला ९० टक्के रोजगार त्यांच्याकडे आहे. सुमारे ६ कोटी लोक, आणि त्यात दर दहा जणांत चार बायका. म्हणजे धंदा यांचाच आहे, मोठी जहाजं त्यात नंतर आलेत. आणि त्याच एफएओची दुसरी आकडेवारी सांगते की १९७४ मध्ये समुद्रातल्या मासळीच्या साठ्यांपैकी साधारण १० टक्के साठे अतिमासेमारीने खालावलेले होते, आज ते प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर गेलंय. या मधल्या पन्नास वर्षांत होड्या वाढल्या हे खरं, पण त्याच पन्नास वर्षांत इंजिनं वाढली, आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा मासा शोधणारं सोनार यंत्र आलं, भलंमोठं जाळं ओढत नेणारे ट्रॉलर आले, मासा बोटीवरच गोठवणारे तरंगते कारखाने आले. हिशेब करताना सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून चालणार नाही.

न्यूफाउंडलंडचं उदाहरण या विषयात सगळेच देतात, मीही देणार, पण ते बहुतेक वेळा अर्धवट सांगितलं जातं. कॅनडाच्या पूर्व टोकाचं हे बेट, जवळपास पाचशे वर्षं कॉड नावाच्या माशावर जगलेलं. १९६० च्या दशकात युरोपातले आणि सोव्हिएत रशियाचे महाकाय ट्रॉलर तिथे यायला लागले आणि १९६८ मध्ये एका वर्षात ८ लाख टनांहून जास्त कॉड ओढला गेला. मग १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी आपलं म्हणून जाहीर केलं, परदेशी जहाजांना बाहेर काढलं आणि सगळ्यांना वाटलं आता सुटलो. पण झालं काय, तर सरकारने बाहेरच्यांच्या जागी देशातल्याच कंपन्यांचे ट्रॉलर उभे केले, कुंपणानेच शेत खायला सुरुवात केली, आणि २ जुलै १९९२ ला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांना कॉडची मासेमारी बंद अशी घोषणा करावी लागली. एका फटक्यात ३० हजारांवर लोक बेकार. कॅनडाच्या इतिहासात एका वेळी एवढे लोक कामावरून कधीच गेले नव्हते.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८० च्या दशकात, म्हणजे बंदीच्या कितीतरी आधी, किनाऱ्याजवळ मासे धरणारे लोक सांगत होते की मासा कमी झालाय, लहान झालाय, काहीतरी बिनसलंय. आणि सरकारी आकडे म्हणत होते साठा वाढतोय. हे लोक अडाणी आणि शास्त्रज्ञ हुशार असंही नव्हतं आणि शास्त्रज्ञ खोटारडे असंही नव्हतं. गोष्ट साधी होती. किनाऱ्यावरचा मासेमार पिंजऱ्यासारखं जाळं लावून उन्हाळ्यात मासा आपल्याकडे येण्याची वाट बघतो, मासा कमी झाला की तो किनाऱ्यापर्यंत पसरतच नाही, उरलेला सगळा खोल समुद्रात दाटीवाटीने एकत्र राहतो. ट्रॉलरवाला सोनार लावून बरोबर त्या दाटीवर जातो, त्यामुळे त्याला तासाला मिळणारा मासा शेवटपर्यंत चांगलाच असतो. आणि साठ्याच्या अंदाजात याच ट्रॉलरच्या आकड्यांवर मोठा भर होता. म्हणजे कोठारातलं धान्य संपत आलंय हे अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्यांना आधी कळलं, आणि कोठारात पोत्यावर बसलेला उंदीर म्हणत राहिला काही कमी नाही. चिमण्यांचं कोणी ऐकलं नाही.

नंतर सरकारने मदतीवर अब्जावधी डॉलर खर्च केले, भत्ते दिले, दुसरी कामं शिकवायचे वर्ग काढले. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत त्या प्रांताची लोकसंख्या साधारण १० टक्क्यांनी घटली, आणि गेले ते बहुतेक तरुण. गंमत म्हणजे (गंमत कसली) कॉड गेल्यावर तिथे खेकडा आणि कोळंबी वाढली आणि काही वर्षांत मासळीतून येणारा एकूण पैसा आधीपेक्षाही वर गेला, पण खेकड्याला तेवढी माणसं लागत नाहीत, त्यामुळे आकड्यांत धंदा सावरला आणि गावं नाही सावरली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण "मत्स्यव्यवसायाची उलाढाल वाढली" असली बातमी आली की आपण टाळी वाजवतो.

आता याच्यावर नेहमीचा आक्षेप येतो. लोकांच्या हातात दिलं तर लोकच ओरबाडतील. हा विचार १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने एका लेखात मांडला आणि तेव्हापासून तो धोरण करणाऱ्यांच्या डोक्यातून निघतच नाही. त्याने गायरानाचं उदाहरण घेतलं, गायरान सगळ्यांचं, म्हणून प्रत्येकजण एक जनावर जास्त सोडणार, शेवटी गवताची काडी राहणार नाही. ऐकायला पटतं. पण ज्याने गायरान असलेलं गाव बघितलंय त्याला माहीत असतं की गायरान सगळ्यांचं असलं तरी मोकाट नसतं, कोणाची गुरं कधी सोडायची, बाहेरच्या गावचं जनावर शिरलं तर काय करायचं, हे सगळं ठरलेलं असतं. हार्डिनने जे वर्णन केलं ते गायरानाचं नाही, बेवारस जमिनीचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी हेच आयुष्यभर गावोगावचे दाखले गोळा करून दाखवलं आणि त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांनी दिलेला एक दाखला मला फार आवडतो, तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या अलान्या गावचा. तिथे शंभरेक मासेमार होते आणि चांगल्या जागेवरून रोज मारामाऱ्या. मग त्यांनी स्वतःच बसून, काही वर्षं चुका करत करत, एक पद्धत बसवली. दर सप्टेंबरला मासेमारांची यादी, मासे मिळणाऱ्या जागांची नावांसकट यादी, एका जागेवरचं जाळं दुसऱ्याचा मासा अडवणार नाही एवढं अंतर ठेवून. मग चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी जागा निघेल तिथून त्याने सुरुवात करायची आणि जानेवारीपर्यंत रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचं, जानेवारीनंतर मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेकडे, कारण मासाही तसाच फिरतो. त्यामुळे चांगली जागा सगळ्यांना कधी ना कधी मिळतेच. पहारेकरी वेगळा लागत नाही, कारण आज ज्याची पाळी चांगल्या जागेची आहे तो पहाटे तिथे हजरच असतो आणि घुसखोर दिसला तर तो गप्प बसत नाही. बघा, कुठलाही अधिकारी एवढं बारीक लिहून काढू शकला नसता, कारण मासा जानेवारीत दिशा बदलतो हे फाइलीत नसतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, धरणारे लोक आहेत. अंडी असलेली मादी पिंजऱ्यात आली तर तिच्या शेपटीच्या पाकळीला एक छोटी खाच पाडून ते तिला परत सोडतात, आणि पुढे कधी ती अंडी नसताना दुसऱ्या कोणाच्या पिंजऱ्यात आली तरी ती खाच बघून तोही सोडतो. ही आता कायद्यात असलेली गोष्ट आहे पण ती पाळली जाते ती लोकांमुळे, भर समुद्रात कोण बघायला येतंय. शिवाय तिथे ठरावीक मापाहून लहान शेवंड तर धरत नाहीतच, पण ठरावीक मापाहून मोठंही धरत नाहीत. हे दुसरं कलम फार शहाणपणाचं आहे. आपण नेहमी पिल्लं वाचवा म्हणतो, बरोबरच आहे, पण मोठ्या म्हाताऱ्या माद्यांचं काय? कॉडबद्दल एक हिशेब केला गेलाय की ३० किलोची एक मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते, २८ जणींचं मिळून वजन तिच्या जवळजवळ दुप्पट असून सुद्धा. म्हणजे जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी केली, पिल्लं निसटू दिली आणि मोठ्या माद्या मात्र सगळ्या ओढल्या तर आपण वरवरचंच काम केलं. अर्थात मेनमधली शेवंडांची भरभराट नुसती या खाचेमुळे झाली असं मी म्हणणार नाही, शेवंड खाणारा कॉड कमी झाला आणि पाणी तापलं याचाही त्यात मोठा हात आहे, आणि तेच पाणी अजून तापलं तर तिथलंही शेवंड जाईल, दक्षिणेला ते झालंयच.

आता दुसरी बाजू. किनाऱ्यावरचे लोक म्हणजे सगळे साधुसंत असं चित्र रंगवणारे लेख मला आवडत नाहीत. आग्नेय आशियातल्या प्रवाळांवर सुरुंग फोडून आणि सायनाइड टाकून मासे धरणारे लोक बऱ्याचदा स्थानिकच होते. कर्ज असलं, दलालाची उचल घेतलेली असली, की माणूस पिल्लंही धरतो, कारण उद्याचा मासा उद्या, हप्ता आजचा आहे. आणि गावातली संस्था म्हणजे पण चार दांडग्यांची संस्था असू शकते. हे सगळं मान्य. म्हणून मी नुसतं "लोकांवर सोडा" म्हणत नाही, लोकांच्या नियमामागे कायदा उभा राहिला पाहिजे म्हणतो, आणि या दोन्हींत काय फरक पडतो ते फिलिपिन्समधल्या दोन बेटांवर अगदी स्वच्छ दिसलं.

सुमिलोन नावाच्या चिमुकल्या बेटापाशी १९७४ मध्ये प्रवाळाचा साधारण पाव भाग मासेमारीला बंद केला. आजूबाजूला मासा वाढला. १९८४ मध्ये स्थानिक राजकारणात पारडं फिरलं, संरक्षण सुटलं आणि सगळे बंद भागात घुसले. आता अपेक्षा काय असेल, की पाव भाग आणखी मिळाला तर मासा जास्त मिळेल. तर दोन वर्षांच्या आत एकूण पकड निम्म्याहून खाली आली! म्हणजे चारही पाव मिळून जेवढा मासा देत होते त्याच्या दुप्पट मासा ते तीन पावांतून काढत होते, चौथा भाग बंद होता म्हणूनच. जवळच्याच आपो बेटावर १९८२ मध्ये तिथल्या लोकांनीच, अँजेल अल्काला या शास्त्रज्ञाशी आणि त्यांच्या विद्यापीठातल्या लोकांशी बरीच चर्चा करून, प्रवाळाचा एक छोटा तुकडा स्वतः बंद केला आणि स्वतःच राखला, आणि तो टिकला. सुमिलोनवर विज्ञान होतं पण राखणदार नव्हते. आपोवर दोन्ही होते. शास्त्रज्ञांना वगळा असं मी म्हणतोय असं कोणी समजू नये, पण शास्त्रज्ञ बोटीतून परत जातो, बेटावरचा माणूस तिथेच राहतो.

मग बाजारवाले म्हणतात, एवढी भानगड कशाला, कोटा वाटा, म्हणजे कोणी किती मासा धरायचा ते ठरवून द्या, तो कोटा विकता येऊ दे, ज्याच्याकडे कोटा आहे तो मासा आपोआप जपेल. आइसलँडने हेच केलं, १९८४ पासून कोटा आणि १९९० च्या कायद्याने तो पूर्णपणे विकता येण्यासारखा. मासा सावरला हे मान्य केलं पाहिजे, नाही म्हणणं अप्रामाणिकपणा होईल. पण कोटा हळूहळू थोड्या मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला, ज्या गावाचा कोटा विकला गेला तिथल्या लोकांनी दारातल्या समुद्रातून मासा काढला तर तो गुन्हा, तरुण माणसाला धंद्यात शिरायचं तर आधी कोटा विकत किंवा भाड्याने घ्यायचा, म्हणजे जो मासा मुळात कोणाच्याच बापाचा नव्हता त्याचं भाडं. दोन मासेमार हे प्रकरण थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे घेऊन गेले आणि समितीने २००७ मध्ये सांगितलं की ही व्यवस्था समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. त्यानंतर २००९ मध्ये आइसलँडने छोट्या बोटींसाठी उन्हाळ्यातली, हातगळाची, कोटा न लागणारी मासेमारी सुरू केली. म्हणजे बाजाराचा सगळ्यात आवडता विद्यार्थी सुद्धा शेवटी किनाऱ्याकडे थोडा वळलाच.

पैशाचं तर विचारूच नका. २०१८ चा एक अंदाज आहे की जगभरातली सरकारं मासेमारीला वर्षाला साधारण ३५ अब्ज डॉलर अनुदान देतात आणि त्यातले २२ अब्ज हे डिझेल, नवी बोट, मोठं इंजिन असल्या गोष्टींवर, म्हणजे आणखी लांब जाऊन आणखी मासा ओढण्यावर. छोट्यांच्या वाट्याला एकूणातला जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे मोठं जहाज स्वतःच्या जिवावर जगतंच असं नाही, बऱ्याच ठिकाणी ते सरकारी डिझेलवर पळतंय, आणि मग आपण छोट्या मासेमाराला सांगतो की बाबा तू स्पर्धेत टिकला नाहीस. जागतिक व्यापार संघटनेत यावर वीसेक वर्षं घोळ चालला, जून २०२२ मध्ये एकदाचा करार झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो लागू झाला. त्यात बेकायदा मासेमारीला आणि आधीच खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान बंद आहे, चांगलंय, पण जहाजांची ताकद वाढवणाऱ्या अनुदानाचा मुख्य मुद्दा पुढच्या चर्चेवर ढकललेला आहे. मुख्य मुद्दा पुढे ढकलायचा आणि करार झाला म्हणून फोटो काढायचे, असो.

आणि या सगळ्यात बायका कुठे असतात? पाण्याचे नियम करताना होडीवरचे पुरुष बोलावले जातात, जेटीवर मासा आल्यावर तो निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या, धुरावणाऱ्या, डोक्यावरून बाजारात नेणाऱ्या बायकांना कोणी विचारत नाही. पश्चिम आफ्रिकेत काय चाललंय बघा. मॉरिटानिया, सेनेगल, गांबियाच्या किनाऱ्यावर तारलीसारखा एक छोटा स्वस्त मासा मिळतो, सार्डिनेला, तो बायका धुरावून आतल्या गावांपर्यंत पोचवतात, गरिबाचं ते प्रथिन. तिथे मासळीची भुकटी करणारे कारखाने आले, ते किनाऱ्यावरच रोख पैसे देऊन ढीगच्या ढीग उचलतात, चार-पाच किलो ताज्या मासळीची एक किलो भुकटी होते आणि ती जाते दुसऱ्या खंडातल्या मत्स्यशेतीत, तिथल्या माशांना खायला. मासेमाराला त्या दिवशी भाव बरा मिळतो, तक्रार त्याची नसते. तक्रार धुरावणाऱ्या बाईची असते, तिच्या हातातला माल गेला. आता यात "स्थानिक मासेमारी" वाचली का? होडी स्थानिक, जाळं स्थानिक, मासा मात्र गावात पोचलाच नाही. म्हणून मी जेव्हा म्हणतो ठरवायचा अधिकार किनाऱ्याला द्या, तेव्हा त्यात मासा पाण्यातून वर आल्यानंतरचं पण येतं, आणि त्या बैठकीत या बायका नसतील तर ती बैठक अर्धीच. धंद्यातले दहातले चार लोक बाहेर उभे ठेवून कसले नियम करणार.

तापमानवाढीचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे, त्याचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मासा जागा बदलतोय. ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल नावाचा मासा २००७ च्या सुमाराला आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने शिरला, आधी तिथे नावाला होता, २००८ मध्ये त्यांनी एक लाख टनांच्या वर पकडला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शेजारी देशांचं वाटपावरून भांडण चालत राहिलं. म्हणजे एका गावाने कितीही शहाणपणाने नियम केले तरी मासाच उठून चालला तर काय? गावाच्या नियमाला वरच्या पातळीवरचा करार लागतो, हे खरंच आहे. पण याचा उलटा अर्थ काढून "आता सगळं वरूनच ठरवू" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की मासा सरकलाय हे पहिल्यांदा कळणार कोणाला.

परत न्यूफाउंडलंडला येतो, कारण ती गोष्ट १९९२ ला संपली नाही. जून २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी, कॅनडा सरकारने कॉडवरची बंदी उठवली. मधल्या काळात सरकारने तिथल्या लोकांना एक शब्द दिला होता की मासा परत आला की पहिले १ लाख १५ हजार टन किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमारांचे आणि मूळनिवासी समाजांचे, मोठ्या ट्रॉलरचा विचार त्याच्यानंतर. बंदी उठवताना त्याच घोषणेत ट्रॉलरना आणि परदेशी जहाजांनाही वाटा दिला गेला, मासेमारांच्या युनियनने कडाडून विरोध केला तरी. त्या वर्षीचा एकूण कोटा होता १८ हजार टन.